वाड्याच्या कडीपासून वायफायच्या पासवर्डपर्यंत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सोसायटीच्या आर्थिक वाटचालीवर लिहा असं सांगितलं होतं. बँकेत सदतीस वर्षं काढली आणि नंतर सात वर्षं सोसायटीचा सचिव होतो, तेव्हा ताळेबंदाचा विषय माझ्या वाट्याला येणं साहजिकच होतं. पण ताळेबंद दरवर्षी सर्वसाधारण सभेत वाचला जातोच. (म्हणजे मी वाचायचो आणि बाकीचे चिवड्याची वाट पाहायचे.) त्याऐवजी या पंचवीस वर्षांत आपल्या घरांच्या कुलपांचं काय काय झालं, ते लिहावं असं मनात आलं. त्याला एक कारण आहे. ते ओघात येईलच.

माझं बालपण अकोल्यात, जुन्या शहरातल्या वाड्यात गेलं. मोठ्या दरवाजाला आतून आडणा आणि बाहेरून कडी-कोयंडा. कुलूप लागायचं ते फक्त सगळं घर लग्नाला गावी गेलं तर, आणि तेव्हाही किल्ली शेजारच्या काकूंकडे. वाड्यातल्या नऊ बिऱ्हाडांत कोणाची किल्ली कुठे असते हे सगळ्यांना माहीत असायचं आणि त्यात काही गैर आहे असं कोणाला वाटत नसे. 2000 साली आपली सोसायटी नोंदली गेली आणि दोन वर्षांनी अमरावतीत आपण राहायला आलो, तेव्हा येताना आपण ती वाड्याची सवय सोबत घेऊन आलो. पहिली काही वर्षं लॅचची दुसरी किल्ली समोरच्या फ्लॅटमध्ये ठेवायची पद्धत होती. आजही तीन-चार घरांत आहे. चांगलीच पद्धत आहे, मी तिची थट्टा करत नाही.

बँकेत मात्र मला उलट शिकवण मिळाली. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे, एकट्याला उघडताच येऊ नये अशी. आणि त्याहून जपायची वस्तू म्हणजे एक पातळ पुस्तक. 1984 च्या सुमारास मी अकोल्याच्या शाखेत होतो. कापसाच्या हंगामात व्यापाऱ्यांचे पैसे मुंबईहून तारेने यायचे. तार तर कोणीही करू शकतो, मग ती खरंच आपल्याच बँकेच्या शाखेने केली आहे हे ओळखायचं कसं? त्यासाठी तारेत एक आकडा असायचा. महिन्याचा एक आकडा, तारखेचा एक, रकमेचा एक, शाखेचा खाजगी एक, या सगळ्यांची बेरीज. हे आकडे त्या पुस्तकात. आम्ही दोघं अधिकारी स्ट्राँगरूममध्ये उभ्याउभ्या बेरीज ताडून पाहायचो आणि जुळली तरच पैसे द्यायचो. पुस्तक हरवल्याचा नुसता संशय आला तरी सगळ्या शाखांची पुस्तकं बदलावी लागत. आमचे त्या वेळचे मॅनेजर म्हणायचे, "आकडा कितीही मोठा असो, तो ज्या रीतीने काढला ती रीत कळली की झालं." ते वाक्य मला पुढे फार वर्षांनी, अगदी नको त्या ठिकाणी आठवलं.

आता इंटरनेटकडे. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगममार्फत, तेही मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा मोठ्या शहरांत. आपल्या वऱ्हाडात ते टेलिफोनच्या तारेतून किर्रकिर्र करत यायला आणखी काही वर्षं गेली. राजकमल चौकाच्या आसपास सायबर कॅफे निघाले होते, पोरं तिथे रांगा लावून बारावीचा निकाल पाहायची. पुढे 14 जानेवारी 2005 ला भारत संचार निगमने डेटावन नावाने ब्रॉडबँड सुरू केलं. सरकारने 2004 साली ब्रॉडबँडची व्याख्या केली होती ती 256 केबीपीएस वेगाची. आजच्या नातवंडांना हा आकडा सांगितला तर ती हसतात. तेव्हा रात्री 2 ते सकाळी 8 पर्यंतचा वापर मोजायचा नाही अशी एक योजना होती, त्यामुळे आपल्या इमारतीतली इंजिनिअरिंगची दोन पोरं रात्री दोनचा गजर लावून उठायची. त्यांच्या आया म्हणायच्या, पोरगं पहाटेच अभ्यासाला बसते हो!

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जिची नोंद फारशी कोणी घेतली नाही. जानेवारी 2005 मध्ये केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला. वायफाय याच पट्ट्यात चालतं. म्हणजे घरात बिनतारी यंत्र ठेवायला कोणाची परवानगी लागेनाशी झाली. रेडिओसाठीसुद्धा टपाल कचेरीतून लायसन काढणाऱ्या माझ्या पिढीला ही मोठीच सूट होती. तोवर इंटरनेट तारेत होतं आणि तार घरात. आता ते भिंत ओलांडून जिन्यात, पार्किंगमध्ये आणि समोरच्या रस्त्यापर्यंत पोचायला लागलं. घराला लोखंडी जाळी, सेफ्टी डोअर, खाली चौकीदार, आणि ही एक वस्तू मात्र भिंतीपलीकडे सांडलेली.

त्याचा परिणाम काय होऊ शकतो हे महाराष्ट्राला कळलं 2008 साली.

26 जुलै 2008, शनिवारची संध्याकाळ. अहमदाबादेत तासा-सव्वा तासात वीसहून अधिक बॉम्बस्फोट झाले, 56 माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी झाली. जखमींना घेऊन लोक दवाखान्यात पोचले तर तिथेही स्फोट झाले. स्फोट सुरू व्हायच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल आला होता, आम्ही हे करणार आहोत म्हणून. पोलिसांनी तो मेल कुठून निघाला ते शोधलं तर पत्ता निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्याचा. पंधराव्या-विसाव्या मजल्यांच्या इमारतींमधला एक फ्लॅट, त्यात राहणारे एक अमेरिकन गृहस्थ, नोकरीनिमित्त आलेले, बायकामुलांसह. पोलीस दारात आले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना मला 2008 साली आली नव्हती. नंतर आली.

इथे थोडं थांबून हे सांगायला हवं की पोलीस त्यांच्याच दारात का गेले. आमच्या शाखेतून दिवसाला पन्नास पत्रं जायची. कर्ज विभागाची, ठेव विभागाची, कधी शिपायाने स्वतःच्या बदलीसाठी लिहिलेलं. पण पाकिटावर गोल शिक्का एकच, शाखेचा. पत्र मिळणाऱ्याला फक्त शाखा कळते, आतला माणूस कळत नाही. घरातला राऊटर अगदी हेच करतो. त्याला जोडलेले फोन, लॅपटॉप, टीव्ही काहीही असोत, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तो एकच शिक्का मारतो. या शिक्क्याला आयपी पत्ता म्हणतात. कोणत्या दिवशी कोणत्या वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता हे इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या नोंदीत असतं. त्या नोंदीतून नाव मिळतं ते बिल ज्याच्या नावाने आहे त्याचं. जिन्यात बसून लॅपटॉप जोडणाऱ्याचं नाव तिथे कुठेच नसतं.

त्या गृहस्थांच्या वायफायचा कोणीतरी बाहेरच्याने वापर केला, असा निष्कर्ष पुढे निघाला. पण तोवर त्यांचे संगणक तपासाला गेले, चौकशा झाल्या, नाव आणि फोटो देशभरच्या पेपरांत आले. ऑगस्टमध्ये, देशाबाहेर जाऊ देऊ नये अशी सूचना असतानाही, ते विमानात बसून निघून गेले आणि त्यावरूनही गदारोळ झाला. त्याच महिन्यात 23 तारखेला दुसरा मेल आला, तो माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून. 13 सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तीन मेल, तीन दुसऱ्यांची घरं किंवा कचेऱ्या. ऑक्टोबरमध्ये मुंबई गुन्हे शाखेने काहींना अटक केली, त्यांत पुण्याचा एक चांगल्या नोकरीतला संगणक अभियंता होता. पोलिसांचं म्हणणं असं की ही मंडळी मोटारीतून लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत फिरायची. अहमदाबादच्या खटल्याचा निकाल फेब्रुवारी 2022 मध्ये लागला. 49 जण दोषी ठरले, त्यांतल्या 38 जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

जानेवारी 2009 मध्ये मुंबई पोलिसांनी जाहीर केलं की आमची पथकं रस्त्यांवरून फिरून उघडी वायफाय शोधतील आणि मालकांना नोटिसा देतील. पुढच्याच महिन्यात दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना वायफायच्या सुरक्षिततेबद्दल आदेश काढले. मी तेव्हा नोकरीतच होतो. ही बातमी मी चहा घेता घेता वाचली, 'मुंबईवाल्यांची कटकट' असं म्हटलं आणि कापसाच्या भावाचं पान उघडलं. आपल्या अमरावतीत कोण येतंय गाडीत बसून वायफाय शोधायला?

या घटनांनंतर एक झालं, उघडी वायफाय कमी झाली. कंपन्यांनी राऊटर कारखान्यातूनच पासवर्ड घालून द्यायला सुरुवात केली, खाली चिकटवलेल्या कागदावर छापून. लोक निश्चिंत झाले. पण लाखो राऊटर बनवायचे तर प्रत्येकाला वेगळा पासवर्ड कोण बसून विचार करून देणार? म्हणून तो काढायची एक रीत ठरवायची आणि यंत्राने तो छापायचा. इथे मला आमचे मॅनेजर आठवले.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण युरोपातलं आहे, तेही नेमकं 2008 सालचं. थॉमसन नावाच्या कंपनीचे स्पीडटच राऊटर तिकडे घरोघरी होते. वायफायच्या नावात शेवटी सहा अक्षरं-आकडे, उदाहरणार्थ स्पीडटच अमुकतमुक, आणि पासवर्ड दहा अक्षरांचा. दिसायला अगदी गिचमिड, कोणालाही सुचणार नाही असा. केव्हिन डिव्हाइन नावाच्या एका जाणकाराने राऊटरसोबत मिळणाऱ्या सीडीतला प्रोग्राम उलगडून पाहिला तर लक्षात आलं की नाव आणि पासवर्ड ही दोन्ही एकाच गोष्टीतून निघतात, राऊटरच्या अनुक्रमांकातून. अनुक्रमांकावर एक गणिती प्रक्रिया करायची, उत्तराचं एक टोक पासवर्ड म्हणून घ्यायचं आणि दुसरं टोक नावात लावायचं. आणि नाव तर राऊटर स्वतःच चोवीस तास सगळ्या गल्लीला ओरडून सांगत असतो!

बँकेच्या माणसाला आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून ही करून पाहा. त्या अनुक्रमांकात वर्ष, आठवडा आणि तीन अक्षरं एवढंच महत्त्वाचं होतं. तीन जागा, प्रत्येक ठिकाणी 26 अक्षरं आणि 10 आकडे मिळून 36 शक्यता, म्हणजे 46,656. वर्षाचे 52 आठवडे. गुणाकार 24 लाख 26 हजार 112. माणसाला हे फार आहे, संगणकाला नाश्त्याआधीचं काम. एवढे सगळे अनुक्रमांक प्रक्रियेतून काढायचे, ज्यांचं उत्तर हवेत दिसणाऱ्या नावाशी जुळेल असे एक-दोनच उरतात, त्यांतला पासवर्ड लावून पाहायचा. आमचं ते पातळ पुस्तक आम्ही दोन किल्ल्यांच्या आड ठेवत होतो. इथे त्या पुस्तकाची प्रत सीडीवर घालून गिऱ्हाइकांना वाटली होती.

पुढे जर्मनीतल्या इझीबॉक्स राऊटरांचा पासवर्ड यंत्राच्या मॅक पत्त्यावरून निघतो असं दिसलं. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या कंपन्यांच्या राऊटरांचा असाच अभ्यास करून तोच प्रकार दाखवला. मध्ये 2011 च्या डिसेंबरात राऊटरवरच्या डब्ल्यूपीएस बटणाचं बिंग फुटलं. त्यासाठी आठ आकडी पिन असतो, पण राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरूनच निघतो. त्यामुळे दहा कोटी नव्हे तर दहा हजार अधिक एक हजार, फक्त 11,000 वेळा प्रयत्न पुरतात. अमेरिकेचे थोर पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांनी तर हा रोग फार आधीच ओळखला होता. लॉस अलामोसला, जिथे अणुबॉम्ब बनला तिथे, त्यांनी कपाटांची कुलपं तपासली तर साधारण पाचातलं एक कपाट कारखान्यातून आलेल्या आकड्यावरच होतं, कोणी बदललाच नव्हता. अणुबॉम्बवाल्यांची ही गत, तर आपलं काय घेऊन बसलात.

आपल्या देशात जुलै 2017 च्या अखेरीस भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रोग्रामने बंद पाडले. ज्यांनी मोडेमच्या आतल्या खोलीचा मूळ पासवर्ड, 'अ‍ॅडमिन', कधी बदललाच नव्हता त्यांना फटका बसला आणि ग्राहकांनी पासवर्ड बदलावेत असं आवाहन कंपनीलाच करावं लागलं. हा पासवर्ड वायफायचा नव्हे बरं का. वायफायचा पासवर्ड म्हणजे घराचं दार, आणि 'अ‍ॅडमिन' म्हणजे आतलं कपाट. दार बदलून कपाट तसंच ठेवलेली माणसं पुष्कळ आहेत.

आता आपल्या इमारतीकडे येतो. इथवर जे लिहिलं ते मी गेल्या तीन वर्षांत वाचलं. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी सचिव होतो. पोरांच्या शाळा फोनवर, पुण्या-बंगलोरची मुलं लॅपटॉप घेऊन घरी आलेली, आणि इंटरनेटची बोंब. मी एका खाजगी कंपनीशी बोलून बत्तीस फ्लॅटपैकी सव्वीस फ्लॅटसाठी एकत्र फायबर घेतलं, त्यामुळे दरही कमी पडला. सभेत माझं अभिनंदन झालं, शालही मिळाली. जोडायला जो पोरगा यायचा तो वलगावकडचा, मोठा हुशार आणि गोड बोलणारा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकाजी, सगळ्याईचा पासवर्ड येकसारखाच ठेवू का? सोसायटीचं नाव, फ्लॅटचा नंबर अन् येक दोन तीन. नाहीतर सगळे भुलतात अन् मंग मलेच फोन करतात." मला ते पटलं. पटलं कसलं, आवडलं. शिस्त दिसली मला त्यात. मी सुवाच्य अक्षरात सव्वीस घरांची यादी केली, ऑफिसच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि कोणाचं अडू नये म्हणून एक झेरॉक्स चौकीदाराच्या केबिनमध्ये चिकटवली. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने हे केलं. खरं तर यादीचीही गरज नव्हती. एका घराचा पासवर्ड ज्याला कळला त्याला सव्वीस घरांचे कळले.

2022 च्या दिवाळीनंतर एका सकाळी आपल्याकडच्या एका काकूंच्या दारात सायबर पोलीस आले. काकूंचं नाव लिहीत नाही, आपल्याला माहीत आहे, आणि त्यांना विचारूनच हे लिहितो आहे. पोलिसांनी विचारलं ते काकांचं नाव. काका एप्रिल 2021 मध्ये करोनात गेले. काकू म्हणाल्या, "त्याईले जाऊन दीड वरीस झालं. आता कायले बोलावता त्याईले?" प्रकार असा होता की कोणीतरी एका कॉलेजच्या मुलीच्या नावाने खोटं खातं उघडून तिचे फोटो घाणेरड्या मजकुरासह टाकले होते, आणि त्या वेळचा आयपी पत्ता या घराचा होता. कनेक्शन काकांच्या नावावर, कारण नाव बदलायचं आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. वीजबिल, घरपट्टी, बँकेचं खातं, सगळ्याचं नाव मी स्वतः काकूंसोबत फिरून बदलून दिलं होतं. इंटरनेट राहिलं.

काकूंकडे तेव्हा साधा बटणाचा फोन. वायफाय होतं ते नातवासाठी. तो सतरा वर्षांचा, बारावी आणि नीटच्या क्लाससाठी यवतमाळहून येऊन राहिलेला. संशय कोणावर जाणार? पोलिसांना मी दोष देत नाही, ते नीट बोलले, काकूंना त्यांनी बसून घ्या म्हटलं. पण राऊटर आणि मुलाचा टॅब ते घेऊन गेले, आणि त्यानंतर तीनदा ठाण्यात जावं लागलं. तिन्ही वेळा मी बरोबर होतो. मुलगा बाकावर मान खाली घालून बसायचा आणि बोटांनी पँटची शिवण उसवत राहायचा. त्या महिन्यात लिफ्टमध्ये त्याच्यासोबत कोणी चढत नव्हतं. हे मी आज लिहिलंच पाहिजे. आपणच होतो ते, बाहेरचे कोणी नव्हते. ज्या मुलीचे फोटो टाकले गेले तिच्या घरात काय चाललं असेल, हा विचार तर आमच्यापैकी कोणी मोठ्याने बोलून दाखवला नाही.

त्या तारखेच्या रात्री मुलगा यवतमाळला आईवडिलांकडे होता. भाऊबीज होती. एसटीचं तिकीट त्याच्या बॅगच्या कप्प्यात निघालं, टॅबही त्याच्यासोबत तिकडेच होता आणि तपासणीत त्यात काही सापडलं नाही. काकू त्या रात्री इथे एकट्या, नऊ वाजता झोपलेल्या. मग पोलिसांनी विचारलं, पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता? काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या अधिकाऱ्यांना यादीचं सांगितलं. काचेखालची, केबिनमधली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेत होते ना?"

पुढे तपास कुठे गेला ते आम्हाला कळवण्यात आलं नाही, काकूंना पुन्हा बोलावलं नाही. मुलाला त्या वर्षी नीटमध्ये हवे तसे गुण मिळाले नाहीत. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा परीक्षा दिली आणि आता तो बी.ए.एम.एस. करतो आहे. कारण हेच असं मी म्हणणार नाही, पण नाही असंही मला म्हणवत नाही.

अशी यादी करणारा मी पहिला नव्हे, हे नंतर वाचून थोडं हायसं वाटलं. अमेरिकेच्या एमआयटीत 1960 च्या सुमारास एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना काम करता यावं म्हणून प्रत्येकाला पासवर्ड द्यायला सुरुवात झाली. 1962 साली अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला वापराचा वेळ पुरेना, तर त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाईल छापूनच घेतली. म्हणजे पासवर्डांची यादी करायची आणि ती एका जागी ठेवायची ही खोड संगणकांइतकीच जुनी आहे.

मग काय करावं, हे पोरांनी मला समजावून सांगितलं ते थोडक्यात लिहितो. वायफायचा पासवर्ड किमान आठ आणि जास्तीत जास्त 63 अक्षरांचा चालतो. आपण आठच घालतो. फोन जोडला जाताना हवेतून जो संवाद होतो तो टिपून, घरी नेऊन, निवांत पासवर्ड लावून पाहता येतो, त्यासाठी आपल्या दारात उभं राहावं लागत नाही. खेळांसाठी मिळणारं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 25 लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. आता हिशेब करा. नुसते आठ आकडे, दहा कोटी शक्यता, 40 सेकंद. जन्मतारीख घातली असेल तर शंभर वर्षांच्या मिळून 36,525 तारखा, डोळा मिटायच्या आत. मोबाईल नंबर, जो आपल्याकडे जोडणारी पोरं सर्रास घालतात, तो 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो, म्हणजे 400 कोटी शक्यता. मोठा आकडा वाटतो ना? साधारण 27 मिनिटं. आणि आपले नंबर तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना दिसतातच. उलट एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, घरात हसू येईल असे, तर लक्षातही राहतात आणि यंत्राला ते जड जातात. म्हणी नकोत, देवांची नावं नकोत, नातवंडांची तर मुळीच नकोत. डब्ल्यूपीएस बंद ठेवायचं, आतला 'अ‍ॅडमिन' बदलायचा, पाहुण्यांसाठी राऊटरमध्येच वेगळं वायफाय काढता येतं ते द्यायचं. आणि कनेक्शन हयात माणसाच्या नावावर असू द्यायचं.

परदेशांत आता यावर कायदे आले आहेत. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2020 पासून आणि ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून, सगळ्या यंत्रांना एकच ठरावीक पासवर्ड घालून विकायला मनाई आहे. ब्रिटनच्या नियमांत तर क्रमाने वाढणारे किंवा सहज ताडता येणारे पासवर्डही चालत नाहीत. म्हणजे आमच्या त्या वलगावच्या पोराची पद्धत तिकडे कारखानदाराने वापरली तर दंड आहे.

काचेखालची यादी मी त्याच दिवशी काढली. केबिनमधली झेरॉक्स मात्र चौकीदाराने आधीच घड्याळाच्या मागे सरकवून ठेवली होती, ती रंगकामाच्या वेळी या मार्चमध्ये सापडली. सध्याच्या समितीतल्या तिघा तरुणांनी सव्वीसपैकी एकवीस घरांचे पासवर्ड बदलून दिले आहेत, ते असे की बदलताना त्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं आणि घरच्यांनी टाईप करायचं. उरलेल्या पाच घरांनी कृपया रौप्यमहोत्सवाच्या आधी वेळ द्यावा. त्या पाचांत एक घर माझंही आहे. वायफायचा बदलला, पण आतल्या 'अ‍ॅडमिन'ला हात लावायचा धीर मला होत नाही, काही बंद पडलं तर हिचा रात्रीचा कार्यक्रम बुडेल. दिवाळीत मुलगा येतो आहे.

काकूंनी मात्र सगळ्यांच्या आधी बदलला. नातू आला होता तेव्हा त्याला बाजूला बसवून, एकेक अक्षर शोधत, स्वतः टाईप केला. मी सहज विचारलं, काकू, मोठा ठेवलाय ना? त्या म्हणाल्या, "ठेवला न भाऊ. पण तुमाले नाही सांगत."